कळ काढताना

"हे डंबेल वापरताय का?" शेजारच्या मुलानं विचारलं, तेव्हा ते दहा किलोंचं डंबेल माझ्या हातातच होतं. कोपर काटकोनात वाकवून मी ते धरून उभा होतो. जिमच्या भाषेत हा 'होल्ड': वजन हलवायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. अठरावा सेकंद चालू होता आणि दात आवळलेले असल्यानं उत्तर देणं शक्य नव्हतं. त्याची तरी काय चूक? जिममध्ये वजन वर जातं, खाली येतं. माणसं मोजतात, कण्हतात, आरशात दंड बघून घेतात. नुसतंच वजन धरून भिंतीकडे बघणारा माणूस एक तर कुणाची वाट बघत असणार, नाही तर पुढचा व्यायाम विसरलेला.

शाळेतलं विज्ञानाचं पुस्तकही त्याच्याच बाजूनं साक्ष देईल. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. डंबेल हललंच नाही, म्हणजे कार्य शून्य. टेबलसुद्धा तेच डंबेल वर्षभर धरून ठेवतं आणि त्याला घाम येत नाही. मग मलाच का? कारण टेबलाला काही करावं लागत नाही, स्नायूला क्षणोक्षणी करावं लागतं. आतल्या मायोसिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक मुठी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचा दोर पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि दर खेपेला एटीपी नावाचं ऊर्जेचं नाणं मोजावं लागतं. बाहेरून पुतळा, आत रस्सीखेच. त्यात आखडलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. रसद अडते आणि जळजळ सुरू होते.

या जळजळीचा नकाशा मला आता पाठ झालाय. पहिले दहा सेकंद फुकटचे. पंधराच्या आसपास मनगटाला पहिली शंका येते. विसाव्याला दंडात बारीक थरथर सुटते. दमलेले तंतू ढिले पडतात, मेंदू राखीव गडी कामावर बोलावतो, आणि नव्या-जुन्यांचा ताल काही जुळत नाही. पंचविसाव्याला घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबतो. तोही होल्डवर. सेकंदकाटा सत्तावीसवर जरा टेकतो, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. तिसाव्याला डंबेल खाली ठेवलं की अडलेलं रक्त एकदम धावत येतं आणि दंड आतून गरम होतो. तेवढ्यासाठी मी सगळं माफ करतो.

मराठीत याला चपखल शब्द आहे: कळ काढणं. दुसरा एक शब्द मात्र इथे घात करतो. 'दम धर' म्हटलं की धीर धरायचा असतो, पण होल्डमध्ये आपण ते शब्दशः घेतो आणि श्वासच कोंडतो. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झपकन चढतो. जड वजन उचलणारे क्षणभरासाठी मुद्दाम तसं करतात, अर्धा मिनिट नाही. म्हणून मी आकडे तोंडानं मोजतो. बोलत राहिलं की श्वास कोंडता येत नाही. ज्यांचा रक्तदाब आधीच जास्त आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच या वाटेला जावं. गंमत अशी, की काही आठवडे नेमानं केलेल्या अशाच व्यायामानं एरवीचा रक्तदाब उतरतो. २०२३ मध्ये २७० चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, त्यात भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसण्यासारखे स्थिर व्यायाम सर्वांत वरचढ ठरले.

या प्रकाराला चांगलाच इतिहास आहे. १८८८ मध्ये जन्मलेला अलेक्झांडर झास पहिल्या महायुद्धात युद्धकैदी झाला. वजनं नव्हती, पण साखळदंड आणि गज होते. न तुटणाऱ्या साखळ्या ओढत त्यानं ताकद राखली, अनेकदा पळाला, आणि पुढे पहिलवानीच्या खेळांतून नाव कमावलं. मग १९५३ मध्ये जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर या संशोधकांनी जाहीर केलं, की कमाल ताकदीच्या दोन तृतीयांश जोर दिवसातून एकदा सहा सेकंद लावला तरी आठवड्याला पाच टक्के ताकद वाढते. सहा सेकंद! जगभरातल्या आळशांना याहून गोड बातमी कोण देणार? नंतरच्या अभ्यासांत आकडे एवढे उदार निघाले नाहीत. अमेरिकेत १९६०च्या सुमारास काही वेटलिफ्टर याच पद्धतीनं झपाट्यानं वाढले आणि तिची लाट आली. पुढे कळलं, की त्यांना डायनाबॉल नावाच्या स्टेरॉइडच्या गोळ्याही मिळत होत्या. लाट ओसरली. बिचाऱ्या पद्धतीचा यात काही गुन्हा नव्हता.

तिची खरी मर्यादा वेगळीच आहे. ज्या कोनात धराल, ताकद मुख्यतः त्याच कोनाच्या आसपास वाढते. काटकोनात कितीही कळ काढा, हात सरळ असताना फारसा उपयोग नाही. पण ही अडचण उलटी फिरवता येते: जिथे अडतो, तिथेच थांबायचं. मला एकही पुल-अप येत नव्हता. तेव्हा स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर नेली, पाय सोडले आणि नुसता लटकलो. स्नायूला वजन उचलता येतं त्यापेक्षा जास्त धरता येतं, आणि त्याहून जास्त सावकाश खाली सोडता येतं, म्हणून हे जमलं. पहिल्या दिवशी चार सेकंद. मग सहा. मग वर चार सेकंद आणि मधल्या अडेल जागी दोन. दोन महिन्यांनी स्टूल बाजूला सरकवलं. पुल-अप एकच निघाला, तोही वेडावाकडा.

परवा त्या डंबेलवाल्या मुलाला मी एक खेळ दाखवला. दाराच्या चौकटीत उभं राहायचं, दोन्ही हात खाली सोडून मुठींच्या पाठी दोन्ही बाजूंच्या लाकडावर दाबायच्या, अर्धा मिनिट, चांगल्या जोरानं. चौकट हलत नाही, हातही नाही. त्यानं दाबलं, मी मोठ्यानं मोजलं. तीस झाल्यावर म्हटलं, आता पुढे ये आणि काहीही करू नकोस.

तो पुढे आला. त्याचे दोन्ही हात आपोआप, हळूहळू खांद्यांपर्यंत वर तरंगत गेले, आणि तो त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसा बघत राहिला.