डेस्डेमोना दोनदा खोटे बोलते

तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही पुन्हा नियामकाकडे येतात, हे परीक्षेच्या कामाबाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. परीक्षकाने लाल शाईने दिलेले गुण नियामकाने हिरव्या शाईने कायम करायचे किंवा बदलायचे, आणि बदलल्यास कारण लिहायचे, एवढाच हा व्यवहार असतो. बैठक क्रमांकावर पट्टी चिकटवलेली असल्याने आपण कोणाचे हस्ताक्षर वाचतो आहोत हे कधीच कळत नाही. एरवी हे काम हिशेबनिसाचे आहे: बेरीज पाहायची, एखादे पान न तपासता राहिले नाही ना याची खात्री करायची आणि सही करायची. त्या दिवशी मात्र एका उत्तराने मला अडवले, आणि त्याचा विचार अजून सुटलेला नाही.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तील डेस्डेमोनाचे व्यक्तिचित्र रेखाटा, असा दहा गुणांचा प्रश्न होता. नवरा ऑथेल्लो व्यभिचाराच्या खोट्या संशयावरून जिचा खून करतो आणि त्यानेच दिलेला एक रुमाल जिच्याविरुद्ध पुरावा ठरतो, ती ही नायिका. अशा प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी लिहीत नाहीत, मार्गदर्शिका लिहिते. निष्पाप, प्रेमळ, एकनिष्ठ, सोशिक ही चार विशेषणे त्याच क्रमाने येतात, प्रत्येकाखाली दोन ओळी असतात आणि शेवटी ‘अशा प्रकारे’ने सुरू होणारा परिच्छेद असतो. डेस्डेमोनाची सखी एमिलिया हिने तो रुमाल चोरला, हे विधानही जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात सापडते, आणि ते वाचले की नाटक उघडलेलेच नाही हे समजते. पण दोष विद्यार्थ्यांना देऊन भागत नाही. आदर्श उत्तरपत्रिकेतही तीच चार विशेषणे होती आणि प्रत्येकापुढे दोन गुण छापलेले होते. उरलेले दोन भाषाशैलीला.

माझ्यापुढे आलेले उत्तर अशा वाक्याने सुरू होत होते: ‘डेस्डेमोना या नाटकात दोनदा खोटे बोलते, पहिले खोटे तिचा जीव घेते, दुसरे तिचा जीव घेणाऱ्याला वाचवू पाहते.’ समासात लाल शाईचा शेरा होता, ‘नायिकेविषयी अनुचित विधान, मुद्दे अपुरे’, आणि गुण होते चार.

त्या विद्यार्थ्याने, किंवा विद्यार्थिनीने, विशेषण एकही वापरले नव्हते. सुरुवात रुमालापासून केली होती, तीही तो हरवल्यापासून नव्हे, तर तो पडतो त्या क्षणापासून. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो कपाळ दुखते म्हणतो, डेस्डेमोना आपला रुमाल त्याच्या कपाळाला बांधू लागते, तो लहान आहे असे म्हणून ऑथेल्लोच तो दूर सारतो, रुमाल खाली पडतो आणि ‘राहू दे’ असेही तोच म्हणतो. दोघे आत गेल्यावर एमिलिया तो उचलते. पुढे ज्या वस्तूसाठी ऑथेल्लो बायकोचा जाब घेणार आहे, ती त्याच्याच हाताने जमिनीवर गेलेली आहे. वर्गात हे नाटक शिकवणाऱ्या किती जणांनी हे वाक्य मुलांना थांबवून दाखवले असेल, याविषयी मला शंका आहे.

त्यानंतरचे पान त्या उत्तराचा गाभा होते. पुढच्याच प्रवेशात डेस्डेमोना रुमाल कुठे पडला असेल असे एमिलियाला विचारते आणि एमिलिया ‘मला माहीत नाही’ म्हणते. म्हणजे रुमालाविषयीचे त्या प्रवेशातले पहिले खोटे डेस्डेमोनाचे नाहीच. मग ऑथेल्लो येतो आणि रुमाल मागतो. तो जवळ नाही म्हटल्यावर भीतिदायक कथा सांगतो: हा रुमाल माझ्या आईला एका इजिप्शियन जादूगारणीने दिला, दोनशे वर्षांच्या भविष्यवादिनीने त्यावर भरतकाम केले, त्याचे रेशीम पवित्र किड्यांचे, त्याला चढवलेला रंग कुमारिकांच्या हृदयांपासून काढलेला, तो हरवला तर नवऱ्याचे मन बायकोवरून उडेल. हे ऐकल्यावर डेस्डेमोना म्हणते की तो हरवलेला नाही. उत्तरात इथे नोंदवले होते की शेवटच्या अंकात हाच ऑथेल्लो हाच रुमाल आपल्या बापाने आईला दिला होता असे सांगतो. जादूगारणीचा तिथे पत्ताही नाही. ‘म्हणजे डेस्डेमोना खोटे बोलली ती एका खोट्या गोष्टीला घाबरून’, असा त्या परिच्छेदाचा शेवट होता. दोनपैकी नेमकी कोणती हकिगत खोटी, हे नाटक सांगत नाही, त्यामुळे हा निष्कर्ष थोडा पुढे गेलेला आहे. पण पुढे जाण्यासाठी आधी तिथपर्यंत पोहोचावे लागते.

डेस्डेमोनाने आपल्या बापाला फसवले असे तिचा बाप ब्रॅबँशिओ म्हणतो आणि ऑथेल्लोच्या मनात संशय पेरणारा इयागो ते वाक्य पुढे विषासारखे वापरतो. त्याचाही समाचार एका ओळीत घेतला होता: वडिलांना तिने लग्नाचे सांगितले नव्हते, पण व्हेनिसच्या सिनेटपुढे विचारल्यावर एक अक्षरही लपवले नाही.

मी गुण बदलण्याआधी परीक्षकांशी बोललो. ते माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत, नाटके त्यांना तोंडपाठ आहेत, आणि विद्यार्थ्यांनी तोंडपाठच करावीत असे त्यांना वाटते. तरीही त्यांचा आक्षेप साधा नव्हता. उत्तराच्या अखेरीस असा दावा होता की एमिलियाने ‘हे कोणी केले’ असे विचारल्यावर डेस्डेमोना ‘कोणीच नाही, मीच’ म्हणते, ते ‘मीच’ म्हणजे क्षमा नव्हे. सिनेटपुढे ‘मी याच्यावर प्रेम केले आणि जगाला ते कळू दे’ असे ठणकावून सांगणारीच ती आहे आणि आपल्या निवडीची किंमत ती स्वतःच्या नावावर लिहून घेते. परीक्षकांनी शांतपणे पुस्तक उघडले. त्या उद्गाराच्या आधी डेस्डेमोना काय म्हणते? आधी म्हणते की आपला अन्यायाने खून झाला, मग म्हणते की आपण निरपराध मरतो आहोत, आणि त्यानंतर ‘कोणीच नाही, मीच’. ‘जबाबदारी घेणारी बाई आधी खुनाचा उच्चार करते होय?’ असे त्यांनी विचारले. त्या दोन उद्गारांचा उत्तरात उल्लेख नव्हता, हे खरे होते.

मी तेव्हा असे म्हणालो की निरपराध ती व्यभिचाराच्या आरोपापुरती आहे आणि निवड ही वेगळी गोष्ट आहे. हे उत्तर त्या खोलीत चालून गेले. पण घरी परतताना मला सिंधू आठवली. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधूही मरताना नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते, आणि आपल्याकडे या दोघींना एकाच पंक्तीत बसवून पतिव्रतेचा मुद्दा पुरा केला जातो. सिंधूचे खोटे मात्र फौजदारापुढचे आहे. त्याला कायद्यात वजन आहे, त्याने नवरा सुटू शकतो. डेस्डेमोना हे बोलते ते एमिलियाशी, जिला कोणालाही शिक्षा करण्याचा अधिकार नाही. शिवाय ते खोटे टिकतही नाही: ऑथेल्लो तिला नरकात गेलेली खोटारडी म्हणतो आणि त्याच दमात आपणच मारले असे कबूल करतो. मग ते खोटे कोणासाठी होते? कोणालाही वाचवण्याच्या उपयोगाचे नसलेले खोटे माणूस शेवटच्या श्वासाला का बोलेल? त्या उत्तराचे ‘निवड’ हे स्पष्टीकरण मला पुरते पटत नाही, परीक्षकांचे ‘पतिनिष्ठा’ हे त्याहून कमी पटते, आणि तिसरे माझ्याजवळ नाही.

मी आठ गुण दिले. कारणाच्या रकान्यात ‘संहितेचा थेट आधार, एक महत्त्वाचा विरोधी पुरावा वगळला’ असे लिहिले. फरक मोठा असल्याने उत्तरपत्रिका मुख्य परीक्षकांकडे गेली आणि त्यांनी उत्तर न वाचता मधला आकडा, सहा, लिहिला. ज्याने किंवा जिने ते लिहिले, त्याच्यापर्यंत यातले काही पोहोचले का, हे मला कळण्याचा मार्ग नाही, कारण पट्टीखालचा क्रमांक आम्हाला दिसत नाही.

पुढच्या परीक्षेसाठी मी व्यक्तिचित्राऐवजी वेगळा प्रश्न दिला: रुमालाविषयी कोण, कोणाला, केव्हा आणि काय सांगते ते दाखवून डेस्डेमोना, एमिलिया व ऑथेल्लो यांपैकी कोणाही दोघांची तुलना करा. प्रश्नपत्रिका समितीने ‘विद्यार्थ्यांना जड जाईल, बाजारात याचे तयार उत्तर उपलब्ध नाही’ असा शेरा मारून तो परत पाठवला आहे. शेऱ्याचा दुसरा भाग वाचून मी तो प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा समितीकडे धाडला आहे.