हवेची गळती आणि कामगाराचा वाटा

हिशेबाच्या कामानिमित्त कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान वर्कशॉपांमध्ये माझे जाणे होते, तेव्हा ‘वीज वाचवा’ असा फलक बहुतेक ठिकाणी दिसतो आणि पुष्कळदा त्याच भिंतीलगतच्या, यंत्रांना दाबाखालची हवा पुरवणाऱ्या पाइपमधून सूं सूं करीत हवा गळत असते. विजेचे बिल मालक भरतो, गळतीचा आवाज कामगार ऐकतो, आणि या दोघांत त्याविषयी बोलणेच होत नाही.

7 बार दाबाच्या लाइनला केवळ 3 मिलिमीटरचे छिद्र असले, तरी निसटलेली हवा पुन्हा भरण्यासाठी कंप्रेसरला (हवा दाबून भरणाऱ्या यंत्राला) सुमारे 3 किलोवॉट वीज लागते. म्हणजे 8 तासांच्या एका पाळीत सुमारे 24 युनिट वाया जातात. ही गळती शोधायला साबणाचे पाणी आणि जेवणाच्या सुट्टीतील शांतता पुरते. “साहेब, तिसऱ्या लेथजवळचं कपलिंग बोलतंय बघा,” असे सांगायला आलेल्या माणसाला “तू तुझं काम बघ” असे उत्तर मिळाले, तर तो पुन्हा कशाला येईल? त्यापेक्षा क्लिपा, वॉशर आणि टेफ्लॉन टेप यांची पेटी मशीनजवळ ठेवावी आणि सुट्टीत लाइन बंद करून किरकोळ गळती काढण्याची मुभा जाणत्या कामगाराला द्यावी.

बचतीत कामगाराचा वाटा असावा, असे माझे ठाम मत आहे. पितळ, ॲल्युमिनिअम आणि लोखंड यांचा चुरा वेगवेगळा ठेवला, तर भंगारवाला चांगला भाव देतो. ती वाढीव रक्कम खंडेनवमीला, यंत्रांची पूजा झाल्यावर, सर्वांसमोर वाटून टाकावी.

नासाडीबद्दल कामगाराला दंड करण्याला मात्र माझा विरोध आहे, कारण दंडाच्या भीतीने सांडलेले तेल पाणी ओतून गटारात लोटले जाते. वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते; ते पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते.

काही गोष्टी कामगाराच्या सवयीवर ढकलताच येत नाहीत. सांगलीच्या एप्रिलमध्ये तापलेल्या पत्र्याखाली काम करणाऱ्याला पंखा बंद करायला सांगणे हा, स्पष्टच सांगायचे तर, निर्दयपणा आहे. जुना पंखा साधारण 75 वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा 30 वॉटच्या आसपास. जुना पंखा बदलण्याचा खर्च मालकाचा आहे आणि तो त्यानेच करावा.