स्टूल कल्चर करून घेताना

काशी-प्रयागची यात्रा करून परतल्यावर आईला ताप आला, पोटात कळा येऊ लागल्या आणि शौचावाटे रक्त व आव पडू लागली. तिच्या सोबतच्या यात्रेकरूंनी तिथल्या औषधदुकानांतून ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलच्या गोळ्या चिठ्ठीविना आणल्या होत्या. मात्र स्थानिक लोकही प्रत्येक जुलाबाला याच गोळ्या घेत आल्याने त्यांना दाद न देणारा शिगेला हा रक्ती आवेचा जिवाणू आता देशभर आढळतो, असे सांगून आमच्या डॉक्टरांनी पहिला डोस देण्याआधीच शौचाची कल्चर व सेन्सिटिव्हिटी तपासणी (नमुन्यातले जिवाणू वाढवून कोणते औषध त्यांना लागू पडते ते पाहणे) लिहून दिली. शिगेला शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही, म्हणून नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा किंवा जिवाणू वाटेत जिवंत ठेवणाऱ्या केरी-ब्लेअर माध्यमात ठेवावा, अशी ताकीदही त्यांनी दिली होती.

घराजवळच्या कलेक्शन सेंटरवर सकाळीच डबी दिली. तेथील मुलीने तिच्यावर बारकोड चिकटवला आणि ती रक्ताच्या नळ्यांशेजारी ठेवून दिली. नमुना केव्हा जाणार, असे विचारले, तर उत्तर आले, "काका, गाडी संध्याकाळीच येते." केरी-ब्लेअरचे नाव तिने ऐकलेले नव्हते, तिने मुख्य शाखेला विचारायला सांगितले, आणि मुख्य शाखेच्या फोनवर बराच वेळ संगीत ऐकवल्यानंतर सेंटरलाच विचारा, असे सांगण्यात आले. आधी प्रतिजैविक घेतले आहे काय, हा कल्चरसाठी कळीचा प्रश्न. पण अर्जात त्यासाठी रकानाच नव्हता. डबी परत मागितली, तर बारकोड रद्द करण्याचा अधिकार व्यवस्थापकांचा आणि ते यायचे होते. अखेर डबी तिथेच सोडून आईला रिक्षाने दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत नेले. नव्या नमुन्यासाठी थांबावे लागले नाही, एवढीच त्या आजाराची कृपा.

तिथे नमुना तत्काळ लावण्यात आला. कल्चरला साधारण 48 ते 72 तास लागतात, त्यामुळे नमुना दिल्याबरोबर डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन हे दुसऱ्या गटातले प्रतिजैविक सुरू केले. ओआरएस आधीपासूनच चालू होते. पाकिटावर एक लिटर लिहिले असेल, तर ते पेलाभर पाण्यात कालवू नये. रक्त पडत असताना जुलाब थांबवणारी लोपेरामाईडची गोळीही घेऊ नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

अहवालात शिगेला फ्लेक्सनेरी ही शिगेलाची एक जात निघाली. ऑफ्लॉक्सॅसिनच्याच गटातल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे 'रेझिस्टंट' आणि अझिथ्रोमायसिनपुढे 'सेन्सिटिव्ह' असे वाचल्यावर जिवात जीव आला. पहिल्या सेंटरकडून बारकोड रद्द झाल्याचा मेसेज आला आहे. भरलेले पैसे मात्र अद्याप आलेले नाहीत.