तुम्ही विचारलंत म्हणून : तो कीपर बाकावर का राहिला

जुना विद्यार्थी भेटला की चहा येण्याआधी प्रश्न येतो, "सर, दोन शाळांची एक टीम केलीत ते ठीक, पण त्या फुटबॉल मॅचला आमचा कीपर का उतरवला नाही?" इतकी वर्षं मी "जाऊ दे रे" म्हणत आलो. आता सांगतो, कारण त्या पोरानंच सांगायला परवानगी दिली आहे.

पटसंख्या घटली म्हणून संस्थेनं दोन्ही हायस्कुलं एकत्र केली. एक शिवाजी पेठेतलं, दुसरं मंगळवार पेठेतलं. फुटबॉलमध्ये या दोन पेठांची ईर्षा किती, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. सुब्रतो कपला, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेला, एका वयोगटात एका शाळेचा एकच संघ जातो, त्यामुळे दोन टीम ठेवायचा प्रश्नच नव्हता. पेठेतले फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमीतली जाणती माणसं घरी येऊन सांगून गेली, "निम्मे त्यांचे घ्या, निम्मे आमचे." मी ऐकलं नाही. शेतीच्या वाटण्या तशा होतात, टीम निवडताना खेळ बघायचा असतो. बचावातले चौघे एका शाळेचे निघाले आणि कीपर दुसऱ्या शाळेचा. तो उंच बॉल जास्त चांगला घ्यायचा, एवढंच कारण.

शाहू स्टेडियमवर जिल्ह्याची मॅच. कॉर्नर आला. कीपर "माझा!" म्हणून ओरडत पुढं आला, तरी आमचा स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला गडी, उडाला. बॉल त्याच्या डोक्याला लागून समोरच्यांच्या पायात पडला आणि गोल झाला. आणि स्टँडमधून टाळ्या आल्या. आमच्याच शाळेच्या पोरांच्या टाळ्या. मी आयुष्यात पुष्कळ हरलो आहे, पण त्या टाळ्या अजून पचलेल्या नाहीत.

स्टॉपरनं मुद्दाम केलं, असं आजही म्हणतात. साफ खोटं. पाचवीपासून त्याच्या पाठीमागून वेगळाच आवाज यायचा, त्याच्या शाळेच्या कीपरचा, जो आता बाकावर होता; त्या आवाजावर त्याचे पाय हलायचे. हे मी तेव्हा छातीठोकपणे सांगत होतो. आज सांगताना आवाज तेवढा चढत नाही, पण मत तेच आहे.

हाफ टाइमला स्टँडमध्ये बाकावरच्या कीपरच्या नावाचा घोष सुरू झाला. मी त्याला वॉर्म-अप करायला सांगितलं. ग्लोव्हज हातातच धरून तो जवळ आला. "सर, मला उतरवू नकासा."

"भ्यालास?"

"न्हाई सर. मी उतरलो आणि जिंकलो, तर ते म्हणणार आमच्या शाळेनं जिंकवलं. मग त्यो परत कसा उभा राहील गोलात?"

सोळा वर्षांचं पोर. मी त्याला उतरवलं नाही. आम्ही १-० हरलो.

त्याचं ऐकायला नको होतं, असं माझ्यातलाच एक जण म्हणतो. एवढा भार पोरावर टाकायचा नसतो, निर्णय कोचचा असतो. पण मी टाकला कुठं? त्यानं आपणहून उचलला होता. आणि हे तेव्हाच सगळ्यांना सांगितलं असतं, तर त्याच्या पेठेत त्याला काय ऐकावं लागलं असतं, याचा विचार विचारणाऱ्यांनी करावा. त्याच चौघांनी पुढच्या मोसमात त्याच कीपरपुढं कसा बचाव केला, हे मात्र मला कुणी विचारत नाही.

निम्मे-निम्मे मी आजही करणार नाही. त्याला उतरवायला हवं होतं का? गेल्या महिन्यात मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही उतरवलं असतं तर मी खेळलो असतो." त्यानं माझं काम सोपं झालेलं नाही.