तुम्ही विचारलंत म्हणून: मग अभ्यास कधी करतेस?

चिपळूणला फोन लावला की काकू, मावशी, शेजारच्या वहिनी, सगळ्यांचा एकच प्रश्न: "दर रविवारी स्टेटसला नदी नाहीतर डोंगर. मग अभ्यास कधी करतेस गं?" घरच्यांनी कर्ज काढून मुलीला जर्मनीला पाठवलं आहे, काळजी वाटणारच. म्हणून एकदा नीट सांगते.

सोमवार ते शुक्रवार फोटो काढावा असं काही घडत नाही. मी ड्रेस्डेनच्या टीयूत, म्हणजे तिथल्या तंत्रविद्यापीठात, जलविज्ञान आणि जलअभियांत्रिकीचं मास्टर्स करते. सकाळची ट्राम, लेक्चर, दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, बटाटा आणि कोबी. मग प्रयोगशाळेतली नोकरी. नदीतली वाळू वाळवायची, एकाखाली एक रचलेल्या चाळण्यांतून हलवायची आणि प्रत्येक चाळणीत किती राहिली ते तोलायचं. संध्याकाळी सहाजणींच्या सामाईक स्वयंपाकघरात कुकर लावायचा आणि पुस्तक घेऊन बसायचं. डिसेंबरात चार वाजता सूर्य मावळतो, त्यामुळे परतताना रोजच काळोख.

आणि रविवार. इथे रविवारी दुकानं बंद. रविवार विश्रांतीसाठी राखलेला, हे 1919 च्या वायमार राज्यघटनेतलं कलम आजच्या घटनेतही तसंच ठेवलं आहे. पहिल्या हिवाळ्यात मी रविवारभर खोलीतच बसायचे. शनिवारी संध्याकाळी वाणसामान घेताना काउंटरवरच्या बाईंशी दोन शब्द, त्यानंतर थेट सोमवारी सकाळी कुणाशी तरी. अभ्यासाला अख्खा दिवस मोकळा होता आणि त्याच सत्रात माझा एक विषय राहिला. तेव्हा हे घरी सांगितलं नव्हतं. शेवटी शेजारच्या खोलीतल्या बांगलादेशी मैत्रिणीने दार वाजवलं, म्हणाली, बूट घाल. तेव्हापासून रविवार बाहेर.

खर्चाचं विचारता म्हणून तेही सांगते. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे येण्याआधी पैसे भरून ठेवलेल्या आणि महिन्याला ठरावीकच रक्कम देणाऱ्या खात्यातून, मला महिन्याला 992 युरो मिळतात. भाडं, विमा, जेवण सगळं त्यात. प्रवासाचं तिकीट सत्राच्या फीमध्येच येतं. वेगवान गाड्या सोडल्या तर देशभरातल्या साध्या गाड्या, बस, ट्राम त्यावर चालतात. डबा घरचा, पोळी-भाजीची गुंडाळी. वर खर्च झालाच तर नदी ओलांडायच्या नावेचा आणि कॉफीचा.

आता कुठे जातो ते. बहुतेक वेळा एस-1 लोकल पकडून एल्बे नदीच्या काठाकाठाने सॅक्सन स्वित्झर्लंडला. नाव तसं असलं तरी हा जर्मनीतलाच डोंगराळ भाग. राटेन स्टेशन एका काठावर, गाव पलीकडच्या. मधे माणसं पार नेणारी नाव, म्हणजे तर, आहे आणि तिच्यासाठी मी कितीदाही जाईन. या तरीला ढकलायला इंजिन नाही! नदीत वरच्या बाजूला एक लांब दोर नांगरून ठेवला आहे, त्याचं दुसरं टोक तरीला. नावाडी तिला प्रवाहात जराशी तिरकी करतो आणि पाणीच तिला पलीकडे नेतं. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत लहानपणापासून बसले आहे, कानात इंजिनाची घरघर घेऊनच उतरायचं. इथे फक्त फळ्यांखालून सरकणारं पाणी ऐकू येतं. प्रवाहाच्या जोराचे घटक वहीत मी कितीदा काढले होते. ते कळले या तरीवर, कठड्याला हात लावून उभी असताना. वर बास्टाय नावाच्या कड्यावर 1851 चा दगडी पूल आहे, फोटोंत दिसतो तो. सुंदरच आहे, पण लोक तिथेच गर्दी करतात आणि तरीकडे कुणी वळून पाहत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणखी थोडं पुढे बाड शान्डाऊ. तिथे भिंतींवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत. एकेक आडवी रेघ, शेजारी साल. 2002 ची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. त्या ऑगस्टमध्ये ड्रेस्डेनला एल्बे 9.40 मीटरवर गेली होती, एरवी ती दोन मीटरच्या आतबाहेर असते. त्याआधीचा उच्चांक 1845 चा, 8.77 मीटरचा. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं माणसं त्यालाच शेवटची हद्द समजत होती.

पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मला आमचा जिना दिसला. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात सातव्या पायरीपर्यंत आलं होतं. पूररेषा, म्हणजे निळी रेषा, लाल रेषा म्हटलं की आपल्याकडे आवाज चढतात, कारण त्या नकाशावरच्या रेषांनी माणसाचं घर, बांधकाम, सगळं अडतं. घरातली रेघ मात्र आपण घाईघाईने पुसतो. मीसुद्धा फडकं घेऊन पुसली होती, रडत. या गावाने ती कोरून ठेवली आहे, आणि शाळेतली मुलं येता-जाता तिच्याखालून जातात. माझ्या प्रबंधाचा विषय मला वर्गात सापडला नाही, या भिंतीपाशी सापडला: पुराच्या जुन्या खुणांवरून नदीच्या पाण्याच्या उंचीचा अंदाज कसा बांधायचा.

परवा बाबांचा फोन आला, गणपतीआधी घराला रंग लावतोय म्हणाले. मी म्हटलं, जिन्याजवळची वीतभर भिंत सोडा. डाग अजून फिकट दिसतो म्हणे, सातव्या पायरीच्या जरा वर. बाबांनी तिथे पट्टी धरून खिळ्याने रेघ ओढली, खाली तारीख घातली आणि मला फोटो पाठवला. या रविवारी स्टेटसला तोच होता.