डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्टला कामाला लावतंय कोण?

लॅपटॉपवर काही उघडलेलं नसताना पंखा घरघरायला लागला की आमच्याकडे दोनच उपाय सुचवले जातात. दुकानवाला म्हणतो, "ताई, फॉरमॅट मारून देतो." भाचा म्हणतो, "मावशी, व्हायरस असणार." मी घरून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, हंगामात दिवाळी अंकाची पानं. मशीनवर जुने मराठी फॉन्ट, त्यांचे कीबोर्ड, सॉफ्टवेअरचं डाँगल, सगळं एकमेकांशी जुळवून बसवलेलं आहे. फॉरमॅट मारायचा म्हणजे हा सगळा संसार नव्याने मांडायचा. म्हणून आधी कोण एवढं राबतंय ते शोधायचं ठरवलं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि सीपीयूच्या कॉलमवर क्लिक करून सगळ्यात जास्त खाणारा वर आणला. 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट'. १५ ते २० टक्के, आणि खाली यायचं नाव नाही. एंड टास्क केलं, तर जरा वेळाने पुन्हा हजर.

नाव नेटवर शोधलं. अर्ध्या पानांवर 'हा धोकादायक असू शकतो' आणि त्याखाली त्यांचंच क्लीनर डाउनलोड करायचं बटण. असल्या बटणांना हात न लावणं बरं. प्रोसेस खरी आहे की तिचं सोंग घेऊन दुसरंच कोणी बसलंय, हे घरच्या घरी तपासता येतं. नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' म्हटलं, की फोल्डर उघडतं. माझी फाईल सी ड्राइव्हवर विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या डब्ल्यूबीईएम फोल्डरमध्ये निघाली, म्हणजे जिथे असायला हवी तिथेच. हीच फाईल टेंप किंवा डाउनलोड्समध्ये सापडली असती, तर भाचा बरोबर ठरला असता.

पण फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा, म्हणजे फाईल कोणाची आहे हे सांगणाऱ्या सहीचा, टॅबच दिसेना, तेव्हा पोटात गोळा आला. नंतर कळलं, की विंडोजच्या बऱ्याच फायलींची सही त्या फाईलमध्ये नसते. ती वेगळ्या कॅटलॉग फाईलमध्ये ठेवलेली असते आणि प्रॉपर्टीजची खिडकी ती दाखवत नाही. ती बघायला मी प्रोसेस एक्सप्लोरर उतरवून घेतला. हा सिसइंटर्नल्स या विंडोजच्या आतलं दाखवणाऱ्या टूल्सच्या संचातला. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे काम २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. त्यामुळे हा थेट मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट मिळतो, इन्स्टॉलही करावा लागत नाही. ऑप्शन्समध्ये सह्या पडताळायची सोय चालू केली आणि त्या ओळीपुढे 'व्हेरिफाइड, मायक्रोसॉफ्ट विंडोज' असं उमटलं. तिथूनच व्हायरसटोटलकडेही, म्हणजे एकच फाईल अनेक अँटीव्हायरसना दाखवणाऱ्या साइटकडेही, विचारता येतं. मुद्दाम दुसरा पर्याय निवडला नाही, तर त्यात आपली फाईल जात नाही, नुसता तिचा हॅश, म्हणजे फाईलवरून काढलेला ओळखक्रमांक, जातो. सत्तरएक अँटीव्हायरसपैकी एकानेही बोट दाखवलं नाही.

बहुतेक लोक इथे थांबतात. खरी आहे, मायक्रोसॉफ्टची आहे, सोडून द्या. पण माझा पंखा काही थांबला नव्हता!

डब्ल्यूएमआय ही विंडोजमधली माहिती पुरवणारी यंत्रणा आहे. बॅटरी किती, डिस्क कुठली, कोणत्या सर्व्हिस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) चालू, हे कुठल्याही प्रोग्रॅमने विचारावं आणि हिने उत्तर आणून द्यावं. थोडक्यात, तलाठी कार्यालयातला कारकून. तो घामाघूम दिसला म्हणून त्याच्यावर चिडून काय उपयोग, दर मिनिटाला सातबारा मागायला खिडकीशी कोण उभं राहतंय ते बघायला हवं.

मला वाटलं होतं, प्रोसेस एक्सप्लोररमध्ये कोणाच्या पोटी कोण जन्मलं याची उतरंड दिसते, तीत चटकन सापडेल. तिथे वरती निघाला एसव्हीसीहोस्ट, विंडोजच्या सर्व्हिस चालवणारा. डब्ल्यूएमआयची प्रोसेस कोणीही प्रश्न विचारला तरी त्याच्यामार्फतच सुरू होते, त्यामुळे खरा विचारणारा त्या उतरंडीत दिसतच नाही. (यादीत एसव्हीसीहोस्टच्या ढीगभर ओळी बघून घाबरणाऱ्यांसाठी: २०१७ च्या विंडोज १० क्रिएटर्स अपडेटपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिसना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळतो. गर्दी दिसणारच. आणि सिस्टिम आयडल प्रोसेस ९० टक्के दिसली तर आनंद माना, तेवढा सीपीयू रिकामा आहे.)

वाट सापडली ती इव्हेंट व्ह्यूअरमध्ये. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की तो उघडतो. डावीकडे 'अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, मग लांबलचक यादीत खाली 'डब्ल्यूएमआय-अॅक्टिव्हिटी' आणि त्यातलं 'ऑपरेशनल'. तिथे ५८५८ क्रमांकाच्या एररची रांगच लागलेली, काही सेकंदांच्या अंतराने एकेक. अशा चार-दोन नोंदी कोणत्याही धडधाकट मशीनवर असतात. माझ्याकडे त्यांनी पानंच्या पानं भरली होती.

एका नोंदीवर क्लिक केलं. मजकूर किचकट असतो, पण त्यातल्या तीन गोष्टी वाचल्या तरी पुरतं. एक, क्लायंट प्रोसेस आयडी, म्हणजे विचारणाऱ्याचा नंबर. दुसरी, काय विचारलं. माझ्याकडे प्रत्येक वेळी थर्मल झोनचं, म्हणजे मशीनच्या आतल्या भागाचं, तापमान विचारलं जात होतं. तिसरी, रिझल्ट कोड. माझा ८००४१००सी असा संपत होता. त्याचा अर्थ 'ही सोय इथे नाही'. म्हणजे एक प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी लॅपटॉपला ताप किती ते विचारत होता, हे मॉडेल या वाटेने तापमान सांगतच नाही असं उत्तर त्याला मिळत होतं, आणि तो पुन्हा तेच विचारत होता. या चौकशीपायीच लॅपटॉप तापत होता.

नंबर मिळाला की घाई करावी, कारण मशीन रीस्टार्ट झालं की नंबर बदलतात आणि जुना नंबर भलत्यालाच चिकटलेला असू शकतो. ताजी नोंद घेऊन टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबवर पीआयडीच्या (प्रोसेस आयडीच्या) कॉलमने यादी लावली आणि तो नंबर गाठला. नाव तीन-चार अक्षरांचं, काही बोध होईना. कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' हा कॉलम जोडला, तेव्हा पूर्ण पत्ता दिसला. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने विकतानाच आत घालून दिलेलं 'मदतनीस' अॅप. सही अस्सल, अँटीव्हायरसचा आक्षेप शून्य. नुसतं व्हायरस आहे का एवढंच तपासत बसले असते, तर हे कधीच हाती लागलं नसतं.

तिथेच राइट क्लिक करून 'गो टू सर्व्हिसेस' केलं. त्या कंपनीच्या दोन सर्व्हिस होत्या, एक तापमान-बॅटरीवर नजर ठेवणारी, दुसरी ब्राइटनेस-आवाजाच्या बटणांची. दुसरीला हात लावला नाही. पहिली थांबवली आणि डब्ल्यूएमआयचा आकडा बघता बघता शून्यावर आला. स्टार्टअप आधी मॅन्युअल करून पाहिलं, पण घड्याळाशेजारी बसणारं त्यांचंच चिन्ह तिला परत उठवायचं. मग डिसेबल्ड केली. अख्खं अॅप अनइन्स्टॉलही करता आलं असतं, पण बटणं गेली असती आणि रात्री पानं लावताना मला ती लागतात.

गेलं काय, तर अॅपमधलं तापमानाचं मीटर. त्यात आधीही नुसती आडवी रेघच दिसायची. एक मात्र आहे, त्या अॅपचं अपडेट आलं की सर्व्हिस गुपचूप पुन्हा ऑटोमॅटिक होऊन बसते. त्यामुळे अपडेट झाल्यावर मी सर्व्हिसेसची यादी उघडून ती एक ओळ बघून घेते.