आमची वाटचाल : 13 इंची ब्लॉकची गोधडी

गोधडी पसरायला जागा लागते. साड्यांचे थर जमिनीवर अंथरायचे आणि कडेने टाके घालत चौफेर फिरत आत यायचं, ही गावाकडची रीत. ठाण्याजवळच्या कळव्यातल्या 10 बाय 10 च्या खोलीत पलंग आणि ओटा सोडून साडेपाच बाय साडेसात फुटांची फरशी मोकळी सापडणार कुठे? घरगुती मशीनवर घ्यावी, तर सुईपासून खांबापर्यंत जागा जेमतेम 7 इंच. त्यातून अर्धी गोधडी गुंडाळून सरकवताना वजनाने कापड ओढलं जातं, टाका वाकडा पडतो, सुई मोडते. म्हणून आमच्याकडे पहिल्यापासून एकच पद्धत: प्रत्येक ब्लॉक, म्हणजे गोधडीचा सुटा चौकोन, अस्तर आणि वॅडिंगसकट (मधल्या मऊ थरासकट) आधी पुरा शिवायचा, मग ब्लॉक एकमेकांना जोडायचे. आमच्याकडे शिवणाऱ्या बायका ब्लॉकची चळत पिशवीत घालून घरी नेतात आणि दुपारच्या वेळात शिवतात.

याला ‘नवीन फॅड’ म्हणून हिणवणारे पुष्कळ भेटले. अमेरिकेच्या मेन राज्यात 19 व्या शतकातच बायका सुटे ब्लॉक गोटासकट पुरे करून मग एकमेकांना शिवत होत्या, हे त्यांना कोण सांगणार!

माप 13 इंच का, तर 44 इंची पन्हा धुतल्यावर साडेबेचाळीस राहतो आणि त्यात 14 इंची तीन तुकडे बसतात. 14 कापायचं, शिवल्यावर 13 ला छाटायचं. आडवे 5, उभे 7, असे 35 ब्लॉक. गोधडी 65 बाय 91. हिशेब सोपा वाटतो. याच हिशेबाने आम्हाला जवळजवळ रस्त्यावर आणलं.

मुंबईतल्या एका नावाजलेल्या दुकानाची 40 गोधड्यांची ऑर्डर होती. 26 परत आल्या. ‘गोधडी आहे की बांध घातलेलं शेत,’ असा निरोप आला आणि ठेवून घेतलेल्या 14 चेही पैसे मिळाले नाहीत. चूक आमची होतीच, ती लपवत नाही. कापड वाचवायच्या नादात आम्ही तुकडे आधीच नेमक्या मापाचे कापले आणि शिवणीच्या रेघा आखून दिल्या नाहीत. मजुरी ब्लॉकवर होती. कुणी दोन-दोन इंचांवर रेघ मारली, कुणी हौसेने एकेका इंचावर. रेघा जितक्या दाट, तितका ब्लॉक आकसतो. एका ब्लॉकला फक्त 1 सूत (इंचाचा आठवा भाग) कमी पडलं तरी सात ब्लॉकांच्या उभ्या रांगेत तो फरक पाऊण इंचाच्या वर जातो. जोडणारीने लहान ब्लॉक ताणून मोठ्याला मिळवले, म्हणून लाटा आल्या. जोडाची पट्टीही अरुंद होती, वॅडिंग एकावर एक चढलं आणि पाठीला टोचणारे बांध झाले.

तीन महिन्यांनी त्याच दुकानात आमचीच रंगसंगती दिसली. माल मल्टी-नीडल मशीनवर सलग शिवलेला आणि चिठ्ठीवर ‘हातशिवण’! टाका उलटून बघणारं गिऱ्हाईक हल्ली किती राहिलंय?

तेव्हापासून शिवायला जाणाऱ्या प्रत्येक ब्लॉकवर दीड-दीड इंचाच्या रेघा आखलेल्या असतात. चारही कडांना अर्धा इंच शिवण येऊ द्यायची नाही, कारण तिथलं छाटलं जाणार. सुई 16 नंबर, टाका 3 मिमी, आणि वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा मशीनचा पाय. साध्या फुटाने खालचे दात अस्तर ओढतात, वरचा थर मागे राहतो आणि शेवटच्या रेघेशी चुणी पडते. छाटायला 13 इंची अ‍ॅक्रिलिकचा फर्मा आणि 45 मिमीच्या गोल पात्याचं रोटरी कटर. फर्मा ठेवूनही कर्ण मोजायचा: 18 इंच 3 सूत. दोन्ही कर्ण तेवढेच आले तर ब्लॉक काटकोनात, नाहीतर परत.

आता पट्टी, कारण खरी गोम तिथेच आहे. पुढची, म्हणजे सुलट बाजूची, पट्टी 1 इंच रुंद. मागची पावणेदोन इंच, मधून दुमडून 7 सूत. पहिल्या ब्लॉकच्या सुलट बाजूवर पुढची पट्टी सुलट टेकवायची, मागे दुमडलेली पट्टी लावायची, सगळ्यांच्या कच्च्या कडा एका रेषेत आणायच्या आणि पाव इंचावर एकच शिलाई मारायची. मग पुढच्या पट्टीची दुसरी कड शेजारच्या ब्लॉकला, पुन्हा पाव इंच. दोन शिलायांच्या मधे अर्धा इंच उरतो आणि दोन्ही बाजूंची पाव-पाव इंचाची माया (शिलाईबाहेर राहिलेली कड) तो बरोबर भरते. पट्टी सव्वा इंच घेतली तर मधे पोकळ नाली पडते. 7 सूत घेतली तर माया एकमेकींवर चढते आणि तोच बांध! मागची घडी दुसऱ्या शिलाईच्या 1 सूत पुढे जाते, ती हाताने तुरपायची. एका गोधडीत ही तुरपाई 19 मीटर होते. आधी आडव्या रांगा तुरपून पुऱ्या करायच्या, मगच रांगेला रांग लावायची, नाहीतर चार ब्लॉक भेटतात तिथे गाठ येते.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. नवीन सुरू करणाऱ्यांना विचारल्याशिवायच सांगतो: दुकानाला उधारीवर माल देऊ नका, आणि लाल कापडाचा रंग स्वतः तपासा. कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या मांजरपाटात दाबून ठेवायचं, डाग पडला की ते कापड बाद. भिवंडीचा व्यापारी ‘पक्का रंग’ म्हणतो, तो बोलण्याचा भाग झाला. पावसाळ्यात वॅडिंग जमिनीवर ठेवू नका.

परत आलेल्या 26 पैकी पहिली गोधडी नौपाड्यातल्या एका बाईंनी घेतली, तीही पूर्ण भावाने. पाठीमागचे बांध अंगठ्याने चाचपून म्हणाल्या, ‘पुढची नीट करा.’ दर दिवाळीआधी त्या जुन्या साड्या घेऊन येतात आणि अजून प्रत्येक जोड अंगठ्यानेच तपासतात. गेल्या वर्षी नातवाने एक ब्लॉक इस्त्रीने जाळला. मागची तुरपाई उसवली, चारही बाजूंच्या पट्ट्या सोडवल्या, 13 चा नवीन ब्लॉक बसवला. सलग शिवलेल्या गोधडीत हे जमत नाही, तिथे ठिगळच मारावं लागतं. आम्ही पैसे नको म्हणालो, तर बाईंनी मजुरी टेबलावर ठेवली आणि त्याच्या पावतीवर ‘एक ब्लॉक’ असं लिहून घेतलं.